रिकामी डबी

१

शांताक्का आषाढात गेली. दिवाळीनंतर तिच्या नावाचे दवाखान्याचे कागद निघाले.

त्या कागदांप्रमाणे वैशाखात धाराशिवच्या एका मानसोपचार दवाखान्यात तिच्या डोक्याला रोज चुंबकाचे ठोके दिले जात होते. नेमक्या त्याच दिवसांत तिनं विहिरीजवळचं शेत आणि त्यातलं घर सुनेच्या नावावर केलं होतं. तिचा पुतण्या उमाशंकर कोर्टात गेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. सुनेनं सासूला नेलं, मशीन लावून तिचं डोकं फिरवलं आणि शेत लिहून घेतलं.

ती सून, शिवप्रिया, कागदांची पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तव्यावरची भाकरी उलटत होतो.

"काका, अक्का त्या दवाखान्यात कधीच गेल्या न्हायत," ती म्हणाली.

मी महालिंगप्पा. लोहाऱ्यात पोलीस जमादार होतो. निवृत्त झालो तरी लोक जमादारच म्हणतात. माझी बायको नीलम्मा मागच्या कार्तिकात गेली. शिवप्रिया तिच्याकडं शिवण शिकायला यायची. त्या ओळखीनं ती आली होती.

"मग कोर्टात तसं सांग," मी म्हणालो.

"सांगितलं की. ते म्हणतेत, साक्षीदार आण. शेतात आम्ही दोघीच राहायचो. हे अपघातात गेल्यापासून उमाशंकर भावजींनी बोलणं टाकलेलं. वस्तीला दुसरं घर न्हाय. अक्का रोज घरातच होत्या हे मी सांगितलं तर कोण ऐकंल? शेत मलाच मिळालंय."

"सोमवारी तारीख?"

"व्हय. घर तर जाईलच. वरून पोलिसात देणार म्हणे. म्हाताऱ्या बाईला शॉक दिले म्हणून. बाजारात गेले तर बाया मला बघून डोक्याला हात लावून हसतेत."

तिचे डोळे कोरडे होते. तिनं माझ्या ताटातली भाकरी बघितली आणि तशातही तिला हसू आलं.

"काका, हा महाराष्ट्राचा नकाशा हाय का? आमच्या अक्काचा उजवा अंगठा कडबा कापायच्या यंत्रात मुळापासून गेला होता. तरी त्यांची भाकरी ह्याच्यापेक्षा गोल असायची."

ती ताट बाजूला सारून पिठाला बसली. मी कागद वाचायला घेतले. पहिल्या कागदावर शांताक्काचं नाव होतं. संमतीच्या जागी सही होती, शिवप्रियाची.

"ही सही?"

तिनं बघितलं. पिठाचे हात तसेच राहिले.

"माझी न्हाय, काका."

२

त्या दवाखान्याची पायरी मला माहीत होती.

नीलम्मा गेल्यावर मी बोलणं सोडलं होतं. माझी मुलगी श्रीदेवी धाराशिवला कॉलेजात शिकवते. तिनं मला धरून तिथं नेलं. संक्रांतीनंतर काही दिवस मी त्या खुर्चीत बसलो. डोक्याला एक जाड वेटोळं टेकवतात आणि टक टक ठोके पडतात, सुतारपक्षी कवटीवर बसल्यासारखे. दुखत नाही. मग एका सकाळी मला जाग आली आणि नीलम्मा लगेच आठवली नाही. चहा गाळताना आठवली. मला भीती वाटली. त्या दिवसापासून मी जायचं बंद केलं.

डॉक्टर सोनालीबाईंनी मला बघितल्यावर खुर्ची पुढं ओढली.

"काका, तुम्ही उपचार अर्धवट सोडलात."

"त्यासाठी आलो न्हाय."

मी कागद ठेवले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही कोर्टाचं बोलावणं आलं होतं.

"बाई, एक सांगा. ह्या मशीननं माणसाचा निर्णय फिरतो का?"

"हे तुम्ही विचारताय की वकील विचारतोय?"

"दोघंही समजा."

"आम्ही उदासीसाठी वापरतो. पण प्रयोग चालू आहेत. लोकांना खेळ खेळायला देतात. डोक्याच्या एका जागी ठोके दिले, तर कोणी थोडा जास्त धोका पत्करतो, कोणी समोरच्याची लबाडी थोडी जास्त सोसतो. किंचित. तेवढ्यापुरतं. शेत कोणाला द्यायचं, हे ठरवणारी जागा डोक्यात सापडलेली नाही."

"मग हेच कोर्टात सांगा."

"सांगीन. मग वकील विचारेल, किंचित तरी फिरतो की नाही? मी खोटं बोलणार नाही. हो म्हणेन. त्यांना तेवढं पुरेल."

"शांताक्का तुम्हाला आठवते?"

"नऊवारी, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीची डबी. झोप नाही, मन लागत नाही म्हणायची. एकटी वर यायची. सून खाली रिक्षात आहे म्हणायची. आधारची प्रत आणली होती. त्या फोटोत मला माझी आईही ओळखू येत नाही."

"सुनेला तुम्ही बघितलं?"

"नाही."

"शिवप्रिया म्हणते, तिची सासू इथं आलीच न्हाय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा हात टेबलावरच्या कागदावर थांबला.

"काका, ती बाई शांताक्का नव्हती, तर तीन आठवडे मी कोणावर उपचार केले?"

३

मशीन चालवायचं काम समर्थ करायचा. तिशीचा, अंगानं भरलेला, बोलका माणूस. मला बघून त्याला आनंद झाला.

"काका, बसताय का? खुर्ची मोकळीच हाय."

"आज न्हाय. वैशाखातली लोहाऱ्याची म्हातारी आठवते?"

"आठवते की. अशी शहाणी पेशंट न्हाय बघितली. बाकीच्या बायकांना अंगावरची धातूची वस्तू काढा म्हटलं की अर्धा तास वाद. ही आपण होऊन कानातली फुलं आन् गळ्यातली डबी काढून ट्रेमध्ये टाकायची. मी ट्रे उचलून कपाटात ठेवायचो. डबीत खुळखुळ वाजायचं. मी म्हणायचो, आजी, आत सुपारी ठेवलीय का? तर हसायची."

त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला काट्यासारखी लागली. पण काटा लागला की लगेच ओढायचा नाही, नाहीतर आत तुटतो. मी तसाच उभा राहिलो.

"अजून काय बोलायची?"

"घाईत असायची. वाशीची एसटी चुकंल म्हणायची. मशीनचं म्हणाल तर काही त्रास न्हाय दिला. तुमच्या वेळी जागा शोधायला किती वेळ लागला होता. तिचा अंगठा पहिल्या दिवशी लगेच उडाला."

"सहीचा कागद?"

समर्थ थोडा ओशाळला. "कागद घेऊन ती खाली गेली आन् सही करून आणली. मी बघायला पाहिजे होतं. खाली-वर करायचा कंटाळा केला मी."

"कोर्टात जायच्या आधी तुमचे कागद बाहेर कसे गेले?"

"आजी स्वतः मागून घेऊन गेली. पेशंटला द्यावेच लागतात."

म्हणजे त्या बाईनं तीन आठवडे ठोके घेतले, कागद घेतले आणि ती गेली. ते कागद उमाशंकरच्या हाती लागले. शांताक्काच्या सुनेकडं ते कधीच नव्हते.

मी लोहाऱ्याची जीप पकडली. उमाशंकरला विचारायचं ठरवलं. तो माझ्यावर हात उगारेल, असं मला वाटलं नव्हतं.

४

उमाशंकरचं लोहाऱ्यात खताचं दुकान आहे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, तोंडात कधी शिवी नाही, असा तो माणूस. पण शिवप्रियाचं नाव काढल्याबरोबर तो गल्ल्यामागून उठून माझ्या अंगावर आला.

"जमादार काका, वयाचा मान ठेवतोय. तिच्या बाजूनं आला असाल तर बाहेर व्हा."

"मी कोणाच्याच बाजूनं न्हाय. अक्का माझ्याही ओळखीची होती."

त्याचा हात खाली आला. तो पुन्हा बसला.

"माझी आई बाळंतपणात गेली. अक्कानं मला वाढवलं. तिच्या लेकाच्या आधी मला ताट मिळायचं. ती बाई मला सोडून सगळं सुनेला देईल? शुद्धीत असताना? शेत गेल्याचं न्हाय मला. तिनं माझं नाव पण काढलं न्हाय." त्याचा आवाज फाटला. "मग ते कागद बघितले आन् समजलं. अक्का तशी नव्हती. तिचं डोकं बिघडवलं."

हा माणूस खोटं बोलत होता, तर फार चांगलं बोलत होता.

"कागद कुठून मिळाले?"

"मी आणून दिले," मागून आवाज आला.

खताच्या पोत्यांवर एक जण फोन बघत बसला होता. पांढरा शर्ट, गॉगल कपाळावर. रणधीर. मूळचा धाराशिवच्या पलीकडच्या वाशीचा. लोहारा-धाराशिव भागात जमिनी जमवून द्यायचं काम करतो. नवा रस्ता शांताक्काच्या शेताच्या कडेनं जाणार आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्या कोपऱ्यावर पेट्रोलपंप येणार, हे मात्र रणधीरनंच पसरवलं होतं.

"तुम्हाला कसे मिळाले?" मी विचारलं.

"ओळखी असतात, काका. अक्काच्या बाबतीत काहीतरी गडबड हाय, असं मला पहिल्यापासून वाटायचं."

"अक्काला भेटला होतात?"

"रस्त्याच्या मोजणीच्या वेळी. सगळ्यांचे आधार गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. म्हातारी धड होती तेव्हा."

"अक्का शेत देणार, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

उत्तर उमाशंकरनं दिलं. "माहीत कसं नसणार? बसवजयंती झाली की लिहून देते, असं तिनं सगळ्या भावकीला सांगितलं होतं. मीच रडलो होतो रणधीरजवळ."

रणधीर गॉगल पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

५

मी दुकानातून निघालो तसा तो मागून आला. बसस्थानकासमोर त्यानं मला गाठलं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून हसत बोलला.

"काका, चहा घेऊ."

"झालाय."

"एक विचारू? तुम्ही पण त्याच दवाखान्यात जात होता ना? लोहारा लहान गाव हाय."

मी चालायला लागलो, तर तो आडवा आला.

"न्हाय म्हणजे, सोमवारी तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहिलात, तर वकील पहिलं हेच विचारणार. ज्याच्या डोक्यावर तेच ठोके पडलेत, त्याचं मत त्याचंच कशावरून? बायको गेल्यापासून तुम्ही भ्रमिष्ट झालात, हे सांगायला अर्धं गाव मिळंल." त्यानं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. "घरी बसा. देवाचं नाव घ्या. पोरगी शिकवते ना धाराशिवला? तिची तरी इज्जत बघा."

तो गेला. मी स्थानकाच्या बाकावर बसून राहिलो. मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. कारण हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. त्या सकाळी चहा गाळताना.

घरी आलो. सदऱ्याच्या खिशातून नीलम्माची डबी काढून देव्हाऱ्यात ठेवली. आमच्यात माणूस गेलं की त्याचं इष्टलिंग त्याच्याबरोबर मातीत जातं. ते ज्यात घालून गळ्यात घालतात, ती चांदीची डबी मागं राहते. मी तिची डबी खिशात घेऊन फिरतो. हे कोणाला सांगत नाही.

भूक लागली म्हणून पीठ मळलं. गोळा केला. थापताना उजवा अंगठा कडेनं फिरवायचा, असं शिवप्रियानं दाखवलं होतं. मी फिरवला. अंगठा बघितला. हात परातीतच थांबला.

दवाखान्यातला माझा पहिला दिवस आठवला. समर्थ वेटोळं माझ्या डोक्यावर डावीकडं इकडून तिकडं सरकवत होता आणि डॉक्टरबाई माझ्या उजव्या हाताकडं बघत होत्या. मी विचारलं होतं, हाताकडं काय बघताय? तर म्हणाल्या, "काका, योग्य जागेवर ठोका पडला की तुमचा अंगठा आपोआप उडतो. किती जोराचा ठोका द्यायचा, ते त्यावरून ठरतं."

शिवप्रियाला अक्काचा अंगठा माहीत होता, पण मशीन कसं लावतात ते माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंना मशीन माहीत होतं, पण अक्काचा हात त्यांनी कधी बघितला नव्हता. दोन्ही गोष्टी माहीत असलेला माणूस ह्या सगळ्यात एकच होता, मी.

मी श्रीदेवीला फोन लावला.

"रविवारी दुपारी डॉक्टरांना दवाखाना उघडा ठेवायला सांग. आन् उद्या माझ्याबरोबर वाशीला चल."

"वाशीला? तिथं कोण आहे, आप्पा?"

"तेच बघायचंय."

६

रविवारी दुपारी मशीनच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. डॉक्टरबाई, समर्थ, शिवप्रिया, उमाशंकर, मी आणि रणधीर. मी फक्त उमाशंकरला बोलावलं होतं. रणधीर त्याच्याबरोबर येणार, हे मला माहीत होतं.

शिवप्रिया आणि उमाशंकर खोलीच्या दोन टोकांना उभे होते.

"अक्काला काय केलं ते तुला बघायचंय ना?" मी उमाशंकरला म्हणालो. "बघ. समर्थ, तिला पहिल्या दिवशी जे केलं, तेच माझ्यावर कर. एक गोष्ट कमी न्हाय, एक जास्त न्हाय."

"काका, तुम्ही?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतक्या महिन्यांनी?"

"तुमची ना न्हाय ना?"

त्यांनी माझी तब्येत, गोळ्या, सगळं पुन्हा विचारलं आणि मान हलवली. रणधीर भिंतीला टेकून म्हणाला, "हेच सांगत होतो मी. ह्यांना ह्या मशीनची सवय लागलीय."

समर्थनं ट्रे पुढं केला. "धातूचं काही असंल तर काढा."

मी पाठ फिरवून माझ्या गळ्यातली डबी काढली, काय करायचं ते केलं आणि मग डबी ट्रेमध्ये ठेवली. घड्याळ ठेवलं. उमाशंकर माझ्याकडं बघत होता. त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही. रणधीरनं तर बघितलंही नाही.

खुर्चीत बसलो. वेटोळं डोक्याला टेकलं. टक. थोडं सरकलं. टक. नीलम्माचा चेहरा मी घट्ट धरून ठेवला होता. टक. आणि माझा उजवा अंगठा उडाला. मी उडवला नव्हता.

"हे काय झालं?" उमाशंकर पुढं आला.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक पेशंटचं असं करावं लागतं. अंगठा उडाल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही.

"समर्थ," मी विचारलं, "लोहाऱ्याच्या म्हातारीचा कोणता अंगठा उडाला?"

"उजवाच. डाव्या बाजूला ठोका दिला की उजवाच उडतो."

उमाशंकर स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता. मग त्यानं शिवप्रियाकडं बघितलं, कोर्टात गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अक्काला उजवा अंगठा नव्हता," तो म्हणाला.

"न्हाय," शिवप्रिया म्हणाली. "तुम्हीच त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं होतं. तुम्ही शाळेत होता तेव्हा."

डॉक्टरबाई खाली बसल्या. रणधीर मात्र भिंतीपासून सरळ झाला. त्याचा आवाज शांत होता.

"म्हणजे दुसरी बाई बसवली. बरं. पण कोणी? शिवप्रिया स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल? शेत रद्द व्हावं, असं कोणाला वाटत होतं?" तो उमाशंकरकडं वळला. "मला वाईट वाटतंय, उमा. मी तुझ्यावर विश्वास ठेवून ते कागद मिळवून दिले. अक्काचं आधार घरच्या माणसाकडंच असणार ना?"

उमाशंकरचं तोंड उघडं राहिलं. शिवप्रिया दोन पावलं मागं सरकली.

७

"बरोबर बोलला रणधीर," मी खुर्चीतूनच म्हणालो. "अंगठ्यानं उमाशंकर सुटत न्हाय. मशीन अंगठ्यावरून लावतात, हे त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून एक प्रश्न राहिलाय. समर्थ, माझा ट्रे उचल."

समर्थनं उचलला.

"वाजतंय काही?"

"न्हाय, काका."

"त्या म्हातारीच्या डबीबद्दल मला काय सांगितलं होतंस?"

"आत खुळखुळायचं म्हणून? रोज वाजायचं की. ट्रे कपाटात ठेवताना."

मी उमाशंकरकडं बघत होतो. त्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला होता.

"लिंग डबीत असताना?" त्यानं समर्थला विचारलं. "तिनं भरलेली डबी काढून तुमच्या हातात दिली?"

"व्हय. का?"

मी सदऱ्याची बाही वर केली. दंडाला पांढऱ्या वस्त्राची गाठ होती. "आमचं लिंग अंगावरून उतरत न्हाय, समर्थ. माझी बायको सोलापूरला मोठ्या मशीनमध्ये जायची होती. तिथंही सांगितलं, चांदी काढा. तिनं लिंग वस्त्रात गुंडाळून दंडाला बांधलं आन् डबी माझ्याजवळ दिली. रिकामी. आमच्यातली कोणतीही म्हातारी हेच करंल. मी आत्ता तेच केलं. उमाशंकरला ते बघून काही वाटलं न्हाय, कारण तोही तसंच करंल."

"माझ्या आप्पांनी तसंच केलं होतं," उमाशंकर पुटपुटला.

"आता सांग. तू एखाद्या बाईला अक्काचं सोंग देणार असतास, तर तिला हे शिकवायला विसरला असतास का?"

त्यानं मान हलवली. डोळे भरले होते.

"ज्यानं हे सोंग रचलं, त्यानं बाहेरून बघितलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात डबी. डबीत काय असतं आन् ते कसं जपतात, हे त्याला माहीत नव्हतं. तो आमच्यातला नव्हता. त्याच्याकडं अक्काचं आधार होतं. अक्का कधी लिहून देणार, हे त्याला आधीच माहीत होतं. शेत उमाशंकरकडं आलं तर त्या पेट्रोलपंपाच्या कोपऱ्याचा सौदा त्यालाच मिळणार होता. आन् त्यानं आणलेली बाई लोहाऱ्याची असून रोज वाशीची एसटी विचारत होती."

"डबी, एसटी," रणधीर म्हणाला. पण आता तो हसत नव्हता. "कोर्टात बाई लागते, जमादार. बाई कुठाय?"

मी श्रीदेवीला हाक मारली.

दार उघडलं. श्रीदेवीच्या हाताला धरून एक म्हातारी आत आली. नऊवारी, कपाळाला बुक्का. तिनं आधी खुर्ची बघितली आणि तिचा चेहरा खुलला. मग रणधीर दिसला.

"आरं रणधीर, तू पण हितं? परत चालू करायचं व्हय माझं?"

ही विठाबाई, रणधीरची आत्या. आदल्या दिवशी वाशीत रणधीरचं घराणं विचारत विचारत आम्ही तिच्या ओट्यावर पोचलो होतो, चहा प्यालो होतो. मुलगा पुण्याला, नवरा नाही, झोप नाही. मी तिला फक्त एवढंच विचारलं होतं, तुमच्या डोक्याचा उपचार कुठं झाला. तिनं आपण होऊन सगळं सांगितलं होतं. त्यात काही चूक झाली असेल, हे तिच्या मनातही नव्हतं.

"आत्या, घरी जा," रणधीर म्हणाला.

"जाती की. ह्या बाईंना सांगून जाती." ती डॉक्टरबाईंकडं वळली. "लई गुण आला बघा. रातच्याला झोप लागतीया. ह्यो म्हणला, दुसरीच्या कार्डावर फुकट होतंय, नाव तेवढं शांताक्का सांग. अंगारा लाव, ही डबी घाल. म्या म्हणलं, बरं बाबा. सगळेच करतेत."

"सही कोणी केली, मावशी?" मी विचारलं.

"ह्यानंच. खाली गाडीत बसून असायचा. मला एसटीनं लावून द्यायचा. संगं दिसू नाही म्हणं."

"आन् डबीत काय होतं?"

म्हातारी लाजली. "सुपारी. नुसती रिकामी डबी गळ्यात बरी वाटंना, म्हणून मीच टाकली."

रणधीर दाराकडं निघाला. समर्थ दारात उभा राहिला. भरलेल्या अंगाचा माणूस होता तो. डॉक्टरबाईंनी फोन उचलला होता.

"बसा," समर्थ म्हणाला. "खुर्ची मोकळी हाय."

सोमवारी उमाशंकरनं अर्ज मागं घेतला. कोर्टाबाहेर तो झाडाखाली एकटा उभा होता. शिवप्रिया त्याच्याजवळ जाऊन थांबली. मी थोडा लांब राहिलो, पण ऐकू येत होतं.

"अक्कानं शुद्धीत दिलं म्हणजे," तो म्हणाला.

"व्हय, भावजी."

"मशीननं दिलं असं वाटत होतं, तोवर बरं होतं."

शिवप्रियानं कागदांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तुमचं नाव त्या काढायच्या. कागदावर न्हाय, पण रोज जेवताना. तुमच्यासाठी एक भाकरी काढून ठेवायला लावायच्या. सकाळी ती म्हशीला जायची. तुम्हीच कधी आला न्हायत."

तो तोंड फिरवून उभा राहिला. बराच वेळ. ती तिथंच थांबली.

पुढच्या आठवड्यात मी एसटीनं धाराशिवला गेलो. समर्थनं ट्रे पुढं केला. मी लिंग दंडाला बांधलं, माझी डबी ट्रेमध्ये ठेवली, आणि खिशातून नीलम्माची काढून तिच्याशेजारी ठेवली.

समर्थनं ट्रे उचलला. काही वाजलं नाही.

"दोन कशा, काका?"

"एक माझी. एक हिची. दोन्ही रिकाम्या."

त्यानं त्या कपाटात ठेवल्या, दोन्ही हातांनी. मग वेटोळं सरळ केलं.

"श्रीदेवीताई आल्यात का बरोबर?"

"न्हाय," मी म्हणालो. "मी आलोय."